पाण्याखालचा पत्ता

चोडणच्या फेरीबोटीत, दोन स्कूटरींच्या मधे उभी राहून
मी 'ग' गिरवते.
त्यांचा ग आपला नव्हे. तो घशातून येतो,
तारल्याचा काटा अडकल्यासारखा.
काटा अडकला की आई कोरड्या भाताचा गोळा गिळायला लावायची,
या भाषेवर तो उतारा चालत नाही.
ख्रोत. खेल्ट. डॉर्ड्रेख्ट.
फेरीवरचा खलाशी न बोलता
पाण्याची बाटली पुढे करतो.

यतीन त्या डॉर्ड्रेख्टात सहा वर्षं आहे, क्रेनवर.
सांगतो, परीक्षा मुंबईत, समोर माणूस नसतो,
यंत्र विचारतं, तू बोलायचंस.
सांगतो, नको असेल तर नको म्हण.
'बघूया' म्हणू नकोस. 'बघूया' म्हटलंस
तर इथले लोक खरंच डायरी काढून बघतात.

चौथा धडा, शेजारी.
कोणाकडे जाण्याआधी कळवावं.
कॉफीबरोबर एक बिस्कीट मिळेल.
डबा बंद झाला की समजून घ्यावं.
हे मी मोठ्यानं वाचत होते, तर
क्विटेरिया मागच्या दारानं आत,
फडक्याखाली वाफाळती सान्नां, फ्रॉकच्या कडेला शेतातला चिखल.
मी तिला विचारलं, हेफ्त उ एन आफ्स्प्राक?
वेळ ठरवून आलात का आपण?
"कितें गो, ताप आयला तुका?"
तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला
आणि तांदळाच्या डब्यावर बसली, दीड तास.
त्या रात्री चौथ्या धड्याची सगळी उत्तरं बरोबर आली.
पानावर तिच्या बोटाचा तेलकट ठसा होता,
तो मी पुसला नाही.

अकरावा धडा पाण्याचा.
देश समुद्राहून खाली आहे. बांध घालून पाणी अडवलं आहे.
बांधाला डेइक म्हणतात. दहा वेळा म्हणा.
मी तिसऱ्यांदा म्हणतानाच हसायला लागले.
ओटीवर पप्पा मानशीच्या जुन्या फळीच्या भेगेत
काथ्या ठोकत होते.
आमचं खाजन याहून वेगळं काय?
भरतीला मानशीचं दार आपणहून मिटतं,
ओहोटीला आपणहून उघडतं,
त्या उघडझापीत जे भात पिकतं त्यावर मी वाढले,
खाडीच्या पाण्याहून दोन हात खाली.

पप्पांना फोटो दाखवला. सिमेंटचं दार, लोखंडी चाक.
त्यांनी मोबाइल आडवा केला, उभा केला.
"लाकूड नाही," म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही. मग,
"कुर्ल्या बिळं पाडतात का तिथं?"

कुर्लीला माझ्या पुस्तकात शब्द नव्हता.
यतीनचा निरोप आला: कुर्ल्या नाही, उंदीर,
पाण्यातले, मांजराएवढे, बांध पोखरतात.
त्यांना पकडायला पगारी माणसं आहेत.
पप्पांनी तो निरोप दोनदा ऐकला.
"पगारी," म्हणाले.
अवसेच्या भरतीला टॉर्च दातांत धरून
पप्पा बिळं बुजवत फिरतात,
कूळ-संघानं गेल्या वर्षीचे पैसे अजून दिलेले नाहीत.
काथ्याचा पिळा त्यांनी पुन्हा उचलला.
"मग तुला झोप लागेल तिथं."

आता रात्री अकरा. कानात यंत्र विचारतं,
वार वोन्त उ? कुठे राहता आपण?
उत्तरात रस्ता हवा, घराचा क्रमांक हवा.
आमच्या घराला क्रमांक आहे,
पण तो बघायचा तर विजेचं बिल शोधावं लागतं.
मी म्हणते, इक वोन ओन्डर हेत वाटर.
मी पाण्याखाली राहते.

यंत्र म्हणतं, समजलं नाही, पुन्हा बोला.
तिकडे भरती चढते आहे. मानशीचं दार
एकदाच वाजतं, धप्प,
ओटीवर पप्पा कूस बदलतात.
मी घसा खाकरते.