बंदीच्या दिवसांसाठी पेनड्राइव्ह

जनूकाका,
आचऱ्याचा फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा
तुम्ही जो पीसी अडीच हजारांत उचललात
त्याच्यात लग्नांचे चारेकशे फोटो अजून आहेत.
पुसू नका, जागा पुरेल.
मी दिलेले खेळ मोठे नाहीत,
दोघातिघांनी, कधी एकट्यानेच
नोकरीवरून आल्यावर रात्री बसून केलेले.
त्यांना भारी कार्ड लागत नाही.
वेळ लागतो,
आणि ट्रॉलर ओढून वर घेतल्यावर एकसष्ट दिवस
तुमच्याकडे दुसरं काय असतं?

पेनड्राइव्ह उजवीकडच्या खाचेत घाला.
डावीकडची खाऱ्या हवेने खाल्लीय.

मासेमारीचा मुद्दाम दिला नाही.
गेल्या वर्षी दुकानात तोच मागितलात
आणि तिसऱ्या मिनिटाला खुर्ची मागे ढकलून हसलात,
"गे बाय, ह्यो मासो काय पत्रिका मिळाली म्हणान येता?"
भरड नाक्यावरून जाणारी दोन माणसं आत डोकावली होती.
म्हणून आधी कोड्यांचा. निळा फोल्डर.
त्यात बोलणं नाही, इंग्रजी नाही,
नुसते दोर आणि खुंट्या.
फाटकं जाळं मांडीवर घेऊन
पहिला धागा कुठला सोडायचा ते जसं शोधता
तसंच. घाई केली की गाठ बसते.

बेटांचा खेळ रात्री.
मेलात की पहिल्यापासून. दर खेपेला बेटं जागा बदलतात,
जमवलेलं सगळं जातं,
फक्त तुम्हाला मघापेक्षा थोडं जास्त कळलेलं असतं.
पोरं वैतागून बंद करतात.
तुम्ही करणार नाही.
वादळात बोट गेल्यावर गणपतीनंतर
तुम्ही दुसरीचा कणा घातलात, मी पाहिलंय.

शेतीचा काकींना.
त्यात आंबा नाही, सलगम आहे. चिडतील.
सातव्या दिवशी शेजारी
न बोलता दारात अंडी ठेवून जातो,
तिथपर्यंत दम धरायला सांगा.

उड्या मारायचा तन्मयीला दिला तरी
कीबोर्ड तुमचा आहे हे तिला आधीच बजावा.

भुताचा एक आहे. तुम्ही म्हणाल,
देवचार वेशीवर फुकट भेटतो, ह्याला पैसे कशाला?
खरंय. पण ह्या भुताला नारळ चालत नाही,
एवढंच सांगते. हेडफोन लावा.
लाईट गेली तर
कुठल्या खोलीत होता ते लक्षात ठेवा.

गाड्यांचा नाही दिला.
त्या पीसीचा पंखा आत्ताच बोंबलतो.

सगळे तुमच्या नावावर विकत घेतलेत,
पावत्या डब्याला चिकटवल्यात.
दामले सरांचा मुलगा म्हणाला, चोरून मिळतात की.
मी म्हटलं, रापणीच्या दोराला
नुसता हात लावणाऱ्यालासुद्धा वाटा असतो.
इथे तर एकट्याने ओढलीय.
पैसे सावकाश द्या, बांगड्यात दिले तरी चालतील.

आणि शेवटचा फोल्डर, ज्याला नाव नाही.
त्यात काही जिंकायचं नाही.
एक बाई संध्याकाळी धक्क्यावर बसून
परत येणाऱ्या होड्या मोजते.
एक कमी भरली तर रात्र होत नाही,
आभाळ तसंच तांबूस थांबून राहतं.
फार चालला नाही. एकोणीस प्रती.
त्यातली एक होडी भरतीला
धक्क्याच्या दगडातून आरपार निघून जाते.
ती गंमत नाही, चूक आहे.
सहा महिने शोधतेय, सापडत नाही.
तुम्हाला दिसली कुठून शिरते ते, तर सांगा.
आवाज वाढवाल तर
लाटा सर्जेकोटच्याच आहेत,
आणि मध्येच जे कुत्रं भुंकतं
ते तुमचंच,
मी माईक घेऊन बसले होते तेव्हा
गप्प बसेना.

पेनड्राइव्ह नारळी पौर्णिमेआधी आणून द्या.
त्यात बर्फ कारखान्याची बिलं आहेत.