तिसरा हिस्सा

कोत्काच्या कागद गिरणीत, रात्रपाळीला,
तौनोनं स्क्रूड्रायव्हर मोटरीवर टेकवला
आणि मूठ दातांत धरली.
कान त्याचे केव्हाच गिरणीला वाहिलेत.

"बाहेरची कडी. खरवडतेय."

राइलीनं नवं बेअरिंग कागदातून सोडवलं:
त्रेसष्ट-शून्य-आठ, सी-थ्री,
तापल्यावर फुगायला जागा ठेवलेलं.
बोटानं ग्रीस भरू लागली, गच्च,
पाहुण्याला वाढावं तसं.

त्यानं मनगट धरलं.
"तिसरा हिस्सा. बाकीची पोकळी
गोळ्यांना राहू दे.
कोरडी पडून मेलेली कमी पाहिलीत मी,
लाडानं जळालेलीच जास्त."

मोटर सुरू झाली.
राइलीला वेगळं काहीच ऐकू येईना.
तौनोनं मूठ पुन्हा दातांत धरली,
बराच वेळ,
मग स्क्रूड्रायव्हर बाहीला पुसला
आणि तिच्या खिशात खोचला.