मागील बाकी

इतवारीत, सराफा ओलांडून डावीकडच्या बोळात
नालमवारांचं सुताचं दुकान.
आता प्लास्टिकच्या दोऱ्या, संक्रांतीपुरता मांजा,
आणि माळ्यावर एकशे बारा वह्या, लाल कापडात,
उंदरांनी कडेकडेने वाचलेल्या.

मी मे महिन्यात गेले. विद्यापीठाला सुट्टी होती,
उन्हाला नव्हती.
अलोणे सर म्हणाले होते, जा, पण लक्षात ठेव,
एक दुकान म्हणजे एक बिंदू.
एका बिंदूतून वाटेल तितक्या रेषा जातात.

सरांच्या फळ्यावरचा बाजार फार स्वच्छ असतो.
मागणी वरून उतरते, पुरवठा खालून चढतो,
दोघे चौकात भेटतात
आणि कोणी कोणाला ‘या, बसा’ म्हणत नाही.
तिथे पेढी म्हणजे एक डबी:
इकडून भांडवल आणि मजुरी टाका,
तिकडून माल घ्या.
झाकण उघडायची रीत नाही.

जुन्या वह्या मोडीत. मी सहा आठवडे मोडी शिकले
एवढंच वाचायला की
बत्तीस नंबरी सूत, गाठी दोन.
जमादार, पानसुपारी, आठ आणे.
तराजूची दोरी.
पुन्हा जमादार.

मग डोमाजी धकाते, मिल, सायझिंग खातं.
शके अठराशे एकसष्ट. येणे सात रुपये चार आणे.
पुढच्या वर्षी: मागील बाकी, सात रुपये चार आणे.
त्याच्या पुढच्या वर्षी तेच.
युद्ध आलं, सुतावर कंट्रोल आला, गेला,
नागपूरची राजधानी मुंबईला गेली,
आणे गेले. त्या दिवाळीत मुनीमजींनी
शांतपणे लिहिलं: सात रुपये पंचवीस.
व्याज नाही. तगादा नाही. खोडलंही नाही.
पस्तीस लक्ष्मीपूजनं हे नाव
नव्या वहीत, ओल्या कुंकवाशेजारी.

रात्री टिपणात मी ‘विश्वास’ लिहिलं,
खोडून ‘दया’ लिहिलं,
आणि डोळे भरले, जे प्रबंधात चालत नाही.
सर फोनवर म्हणाले, बुडीत येणं आहे, तळटीप दे.

सकाळी मल्लेशभाऊंना विचारलं.
ते रिळावर मांजा चढवत होते.
“दया? आजोबा तसे नव्हते हो मॅडम.
धकाते मिलमधून सुटला की इथंच येत जाय.
कोणतं सूत तटलं, कोणता साहेब बदलला, संप कधी,
सगळं आम्हाले पयले कळे.
पैसे मागतले असते तर देऊन मोकळा झाला असता ना बाप्पा.
मंग काहून येईन तो?”

मी बराच वेळ काही लिहिलं नाही.
नफ्यातोट्याच्या पानांवर बोट फिरवत गेले,
‘बातमी’ नावाचं खातं कुठेच नव्हतं.
शके अठराशे शहाण्णव. त्यानंतर धकाते नाही.
जमा नाही, वजा नाही,
पुढच्या वहीत ओढलंच नाही कोणी.
वारले का, मी विचारलं.
“नाही. लय वर्षं जगला.”
आणि मांजा तोडत, “त्या साली फोन लागला दुकानात.”

खरंच. त्याच पानावर, खाली, निळ्या शाईत:
टेलिफोन, अनामत.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले,
मग म्हणाले, हं. मग म्हणाले, पण एकच दुकान.

चार वह्या मी घरी आणल्यात.
मल्लेशभाऊंनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं:
विद्यापीठाच्या बाई, वह्या चार, येणे.
याला आता दीड वर्ष झालं.
दर शनिवारी जाते, चहा होतो,
वह्यांचं ते कधी काढत नाहीत.
विचारतात, कॉमर्सची यादी यंदा कधी लागते,
आणि भाचीचे चौऱ्याहत्तर टक्के आहेत,
जमेल का काही.