एकतिसावी प्रत

वडगावात लाईटचा भरवसा नाही,
म्हणून मी दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची.
मागं स्टुलावर परप्पा ढवळी,
पडद्यावरची घरं बोटानं मोजत.
सुरुवात मराठीत, चाळिशी ओलांडली की कन्नडात:
नलवत्तोंदु, नलवत्तेरडु...
मोजणी चुकली की पुन्हा एकपासून,
पुन्हा मराठीत.

त्यांच्या काठात सातव्या कोयरीचं टोक
जरासं डावीकडं कललेलं.
मी म्हटलं, मामा, हे चुकलंय.
"चुकलं न्हवं गं. सगळ्याच सरळ उभ्या केल्या
की काठ झोपतोय बघ."

ते माघात गेले.
चैत्रात शेठनी फाईल उघडायला लावली.
गिऱ्हाईक हसतंय म्हणाले, सरळ कर ती.
केली.
सेव्ह केली.
मग रंग गडद, मग फिका, मग पुन्हा गडद,
ट्यूब लुकलुकली म्हणून सेव्ह,
चहा आला म्हणून सेव्ह.

आता शहापूरच्या दुकानातून फोन:
तो वाकड्या कोयरीचा काठ पाठवा, तोच पाहिजे.
बॅकअप उघडला.
तीस प्रती, एकाखाली एक, तारीखवार.
तीसही सरळ.
सगळ्यात जुनी मंगळवारची, चार वाजून दहा मिनिटांची.
तिच्याआधी काही नाही.

टिळकवाडीचा कॉम्प्युटरवाला म्हणाला,
"मॅडम, तुमचा प्लॅनच तीसचा आहे की.
एकतिसावी आली की पहिली जाते.
नव्वदचाही होता, तुमच्या शेठनी नको म्हटलं."
आणि सहज विचारल्यासारखं,
"एवढं सारखं सेव्ह कशाला करायचं हो?"

मी बसून एकेक प्रत ताडून पाहिली.
अकरा प्रतींत काहीच बदललेलं नाही.
एक ठिपकासुद्धा.
नुसती लाईटची भीती, अकरा वेळा जपून ठेवलेली,
आणि प्रत्येक भीतीनं
मामांची एकेक प्रत दाराबाहेर ढकललेली.
चोरी नाही, व्हायरस नाही.
कुणाचं नाव घ्यायचं?

रविवारी येळ्ळूरला गेले.
सुलोचना मुचंडीकरांकडं त्या काठाची साडी आहे,
मुलीच्या बारशाला घेतलेली.
त्यांनी पाट टाकला, साडी पसरली,
"बघ बाई, पण ओढू नकोस, विरलीय."
धुऊन धुऊन आटलेलं सूत,
दोन घरांचं एक झाल्यासारखं.
टोक एका घरानं कललेलं की दोन?
पडद्यावर कळलं असतं.
इथं भिंग आणि दारातलं ऊन.

मी बोट ठेवलं, मोजत गेले.
अडतीस, एकोणचाळीस, चाळीस,
नलवत्तोंदु...
आपोआप आलं ते तोंडात.
सुलोचनाबाईंनी वर बघितलं.
मी थबकले,
बोटाखालचा धागा कुठला ते हरवलं.

एक.
दोन.