दोनशे ऐंशी वेढे

या बाजाराला रविवार नव्हता.
इतवारीची दुकानं पाडव्याला तरी
अर्धं शटर ओढून घेतात.
हा पहाटे साडेतीनलाही
लाल हिरवा, हिरवा लाल,
आणि मी चार वर्षं त्याच्या उशाशी,
आजाऱ्याच्या नाडीवर बोट ठेवून बसावं तशी.

फेब्रुवारीत एका रात्री सगळं विकलं.
एक बटण. दुसरं बटण.
खात्री आहे का, विचारणारी पाटी.
होती.
गच्चीवर टाकी भरून वाहायला लागली होती,
उठून पंप बंद केला
आणि झोपले नाही.

धरमपेठेतल्या सीएनं कर वजा करून
उरलेला आकडा पेन्सिलीनं लिहिला,
कागद माझ्याकडे फिरवला,
डॉक्टर रिपोर्ट फिरवतात तसा.
"अभिनंदन, निमजे मॅडम."
बेसा रोडला अकराव्या मजल्यावर घर घेतलं.
तिथून उतरणारी विमानं दिसतात,
आणि दुपारी दोनला काहीच दिसत नाही,
नुसतं ऊन.

आई आली नाही. जुन्या मंगळवारीतच राहिली,
वाळ्याच्या ओल्या वासात, कूलरसमोर.
एसीची हवा हाडात शिरते म्हणे.
फोनवर रोज एकच:
"मंग आता तू दिवसभर का करतं?"
पोहते, म्हटलं. फ्रेंच शिकते.
ताडोब्यात वाघ पाहिला. त्यानं मला पाहिलं नाही.
फुटाळ्याला तासभर बसते.
"ते झालं. पण करतं का?"

मग मे लागला, सेहेचाळीस अंश,
आणि तिच्या कूलरची मोटार जळली.
नवीच आणते म्हटलं तर ऐकेना.
"शालिक बारापात्रेकडं ने. तो बांधून देते."

सक्करदऱ्यात, पत्र्याखाली, जळक्या रोगणाचा वास.
त्यानं जुनी तार पकडीनं उपटली,
काळी, केसांच्या गुंतवळीसारखी.
पोरगं पुण्याला गेलं, म्हणाला, दुसरा हात नाही.
"हँडल फिरव. दोनशे ऐंशी वेढे.
मोजता येते ना?"
मला. मोजता येते ना.

एकशे त्र्याण्णवला खिशात फोन थरथरला.
"चुकली का?"
चुकली.
"मंग उकल."

उकलताना तो आठवला,
ज्याला मी कधी पाहिलं नाही.
त्या रात्री मी विकलं, ते कुणीतरी घेतलं असणार.
सांगलीत असेल, मनिलात असेल,
घरचे झोपल्यावर स्वयंपाकघरात
मोबाईलच्या उजेडात बसलेला.
होळीपर्यंत भाव अर्ध्यावर आला.
माझ्या अकरा मजल्यांत एखादा त्याचा आहे.
लिफ्टमध्ये कधी कधी
मी मधलंच एखादं बटण दाबते,
दार उघडतं, रिकामा पॅसेज, कुणाच्या तरी चपला,
दार बंद होतं.

दुसऱ्या खेपेला पोचले दोनशे ऐंशीला.
खाचेत कागद, कागदात तार,
वरून बांबूची काडी ठोकायची, हळू.
सिरीजचा बल्ब लागला,
मंद, पिवळा, पुरेसा.

तेव्हापासून जाते. अकरा ते चार.
पहिल्याच आठवड्यात म्हटलं, शालिकभाऊ,
दुकान वाढवू, मशीन घेऊ, पैसे मी घालते.
त्यानं एक पातं पुसलं, उजेडात धरलं, पुन्हा पुसलं.
"तुले शिकाची हौस, पोरी. मले पोटाची.
दोन्ही एका फर्म्यावर बसत नाही."

खरं आहे ते. तारेनं बोट कापलं
तरी बँकेत काही कापलं जात नाही.
म्हणून याला मी ध्येय वगैरे म्हणत नाही.
एवढंच, की इथे आकडा संपतो.
दोनशे ऐंशी म्हणजे दोनशे ऐंशी,
पुढचा वेढा खाचेत मावत नाही.

परवा आईनं विचारलं, किती घेतले त्यानं?
साडेचारशे.
"महाग केलं बाप्पा,"
आणि कूलरकडे पाठ करून
केस वाळवत बसली.
कुणी बांधली, ते सांगितलं नाही.
मोटार डावीकडे जरा घुरघुरते.
सोमवारी पुन्हा उघडून बघीन.