कारणाचा रकाना

उद्यमबागेच्या मागच्या गल्लीत
आमचं कोळसा दळायचं युनिट.
दळलेली पूड जाते फौंड्र्यांना,
साच्याच्या वाळूत मिसळायला,
म्हणजे ओतीव पंपाची कातडी गुळगुळीत निघते.
आमची तशी निघत नाही.
थुंकलं तरी काळं, शिंकलं तरी काळं.
माझ्या बनियनचं धुणं
बायको तुळशीकडे वळू देत नाही.

खरं तर मी दळत नाही. मी लिहितो.
हजेरी, डिझेल, ट्रकचे नंबर,
आणि हिरव्या पुठ्ठ्याचं अपघात रजिस्टर:
तारीख, नाव, अवयव, कारण.
एकोणीस वर्षं कारणाच्या रकान्यात
एकच शब्द लिहीत आलो, वळणदार अक्षरात:
निष्काळजीपणा.
कुणाचा, त्याला रकाना नाही.

दारावर पाटी आहे.
वर कुठली भाषा, खाली कुठली,
यावर दोन महिने वाद चालला,
एकदा पत्र्यावर दगडही पडला.
शेवटी तिन्ही भाषांत रंगवली: सावधान.
आता पुडीखाली तिन्ही सारख्याच दिसतात.

मंगळवारी, जेवणाची सुटी संपल्यावर,
लुमाण्णा कणबरकरला पट्ट्यावर काहीतरी चमकलेलं दिसलं.
कोळसा चमकतोच,
पण हे पिवळं होतं.
त्यानं हात घातला.

रोलरवर जाळी असती तर
बोटं जाळीला आपटली असती,
एक शिवी हासडून तो घमेल्याकडे वळला असता.

मुतगेकरांच्या पोरानं पळत जाऊन स्विच पाडला,
पण दोन बोटं तोवर पुडीत मिसळली होती.
उरलेली मूठ लुमाण्णा उघडेना.
रिक्षा फाटकाला अडकली.
कोळशाचीच मालगाडी.
मी वाघिणी मोजत बसलो, दुसरं काय करणार.
बावन्न.

दवाखान्यात नर्सनं मूठ उलगडली
तेव्हा निघाला पितळेचा बिल्ला,
रुपयाएवढा, वर भोक पाडलेला.
४१७.

ट्रकवाला म्हणाला, माल झारखंडकडचा.
तिकडे खाणीत उतरताना माणूस असा बिल्ला घेतो,
वर आला की आपल्या खिळ्याला टांगतो.
संध्याकाळी जो खिळा मोकळा राहील...
पुढं बोलला नाही,
टायरला लाथ मारून हवा बघू लागला.

मी हे लुमाण्णाला सांगायला नको होतं.
भूल पुरती उतरली नव्हती.
"त्यो वर आलाय काय ओ, क्लार्क?"
आला असेल की, मी म्हटलं,
बिल्ला तेवढा खिशातनं पडला असेल.
"मग त्येची हजेरी कशी धरली असतील?"
उभा जन्म हजेरी धरणारा मी.
मला उत्तर आलं नाही.

जनाक्का भाकरीचा डबा घेऊन दाराशी.
तिनं एवढंच विचारलं,
"उजवा काय डावा?"

रात्री ऑफिसात रजिस्टर उघडलं.
तारीख लिहिली. नाव लिहिलं.
उजवा हात, तर्जनी आणि मधलं.
शेटचा फोन आला,
"नेहमीचं लिहून टाका की ओ,
इन्शुरन्सचा माणूस सकाळीच येऊलाय."

पेन सुकलं होतं. दुसरं शोधायला
खालचा ड्रॉवर ओढला.
गेल्या शिमग्याला साफसफाईसाठी जाळी काढली तेव्हा
फिटरनं माझ्या हातात चार बोल्ट दिले होते.
सांभाळून ठेवा म्हणाला होता.
मी सांभाळले.
पेपरात गुंडाळून, वर सुतळी.
एकालाही गंज नाही.

बिल्ला त्यांच्याशेजारी ठेवला.
बराच वेळ तसाच बसलो.
बाहेर वॉचमन काठी आपटत दोनदा गेला.

मग रकान्यात लिहिलं:
बोल्ट, चार, माझ्या ड्रॉवरमध्ये.

अक्षर वळणदार आलं नाही.