तिसरी शिट्टी

तुर्भ्याच्या खाणीवर माझी चहाची टपरी होती,
तेव्हाची गोष्ट. सांगते, पण मध्येच विचारू नका.

दुर्गाप्पा सुरुंगवाला. लाल निशाण त्याचं, शिट्टी त्याची.
पहिली फुंकली की पाट्या खाली.
दुसरीला सगळे ट्रकांआड.
तिसरी, की वातीला आग.
त्या दिवशी तिसरी झाली
आणि भीमशा आतच होता,
विसरलेला डबा आणायला गेलेला.

धूळ बसली तेव्हा दुर्गाप्पा जागेवर नव्हता.
चपला होत्या. जोडीनं, नीट,
देवळाबाहेर काढाव्या तशा.
कुणी म्हणालं, पळताना त्याचे पाय भुईला टेकत नव्हते.
मी पाहिलं नाही. मी दुधावर झाकण घालत होते.

मग तो पारसिकच्या अंगावर राहू लागला,
काटेसावरीवर. हो, काट्यांसकट.
विजापुराकडून भाऊ आला, शिडी लावली,
तर हा पुढच्या झाडावर.
माणसाचा हात जवळ आला की थरथरायचा,
धमाक्यानंतर टपरीचा पत्रा थरथरतो तसा.
टाकळा खायचा, उंबरं खायचा,
झऱ्याला ढोरासारखं तोंड लावायचा.
अंगावर राखाडी लव आली.
पोरं म्हणायची, पिसं.

झाडांशी मात्र रीतसर बोले:
उंबरबाई, तुझं फूल कुणी पाहिलं नाही, बरं केलंस.
पळसा, तू फार ओरडतोस.
करवंदी, तू बोचरी, पण हात तरी धरतेस.
सागा, तुझ्या पानावर जेवलो
आणि तुझं नाव कधी विचारलं नाही, माफ कर.

एकदा मुकादम मला नव्या फ्लॅटचे कागद दाखवत होता.
सातवा मजला, खिडकीतून डोंगर.
वरून हसू आलं. एवढं,
की खाडीपर्यंतचे बगळे उठले असतील.
"कुठला डोंगर?"
आम्हीही हसलो, वेड्याला हसतात तसं.
आता त्या खिडकीतून दुसरी खिडकी दिसते.

स्वतःचंही सांगून ठेवलं होतं त्यानं:
मी तीनदा मरणार. पडून, टोचून, बुडून.
मुकादम म्हणाला, एकदाच मर की रे बाबा,
तीनदाचा खर्च कोण करणार?

कातळात एक भोक होतं,
ड्रिल मारलेलं, दारू न भरलेलं.
मी त्यात रात्री दूध ओतायची.
हात नाही, भांडं नाही, म्हणून त्याला चालायचं.

खाण बंद पडली. खड्ड्यात पाणी साचलं,
हिरवं. किती खोल, कुणी मोजलं नाही.
एका सकाळी काठाची माती निसटलेली,
खाली अर्ध्या बुडालेल्या सळया,
एका सळईला राखाडी काहीतरी.
पंचनाम्यात लिहिलं: बगळा असावा.

दूध अजून ओतते. सकाळी भोक कोरडं असतं.
मुंगूस असेल. दगडही पीत असेल,
एवढं सोसलेला दगड.

चपला भाऊ घेऊन गेला. शिट्टी माझ्याकडे राहिली.
परवा नातवाच्या हाती लागली,
त्यानं फुंकली. पुन्हा फुंकली.
समोरच्या टॉवरचा वॉचमन बघायला लागला.
तिसऱ्यांदा तोंडाशी नेली तेव्हा
मी त्याचं मनगट धरलं.
थांब म्हटलं.
आधी बघू दे,
आत कुणी राहिलंय का.